सोबतीची यादी

तेलीबागेतल्या सरोजकाकूंना लोकांना सोबत शोधून द्यायचं वेड होतं. लखनौच्या मराठी मंडळातलं कुणीही चारबाग स्टेशनवरून पुण्या-मुंबईकडे निघालं, की आधी काकूंना कळवायचं, ही तीस वर्षांची पद्धत. काकू वहीत नाव, तारीख, गाडी, डबा, बर्थ सगळं टिपून घ्यायच्या आणि त्याच गाडीला आणखी कोण आहे ते बघून दोघांची गाठ घालून द्यायच्या. एकट्या निघालेल्या म्हाताऱ्याला एखादं तरुण जोडपं, बाळंतपणाला निघालेल्या मुलीला चार पावसाळे पाहिलेली बाई. जाताना इथली तीळ-गुळाची गजक आणि चिकनकारीचे कुर्ते जायचे, येताना गोडा मसाला, कोकम, भडंग यायचं. आता वहीच्या जागी मोबाइलवरचा ग्रुप आला होता, पण कारभार तोच. परमुलखात माणसाने माणसाला धरून राहावं, यात वाईट ते काय? काहीच नाही. म्हणून तर काकूंच्या हातून जे झालं, ते करताना त्यांना क्षणभरही काही वाटलं नाही.

काकू मनाने निर्मळ, पण पोटात काही ठेवायची सवय नव्हती. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही," असं त्यांचे यजमान भास्करराव चाळीस वर्षं म्हणत आले होते. रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक हे. काकू हसून सोडून द्यायच्या.

आलमबागेत मेट्रो स्टेशनजवळच्या सोसायटीत वरद आणि श्रुती राहायला आले, तेव्हा मंडळाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं. वरद बँकेत अधिकारी. उंच, गोरा, मोठ्यांच्या पाया पडणारा, गणपतीत पहाटे उठून मंडप झाडणारा. श्रुती कराडची, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. पहिल्या वर्षी ती आरत्या खणखणीत म्हणायची. दुसऱ्या वर्षी तिने नोकरी सोडली. "दगदग होते हो तिला, मीच म्हटलं, बस घरी आरामात," वरद म्हणाला. भाजी तो आणायचा. मंडळात तिला सोडायला तो यायचा, न्यायलाही तोच. मध्ये चार वेळा फोन. कराडला आईशी बोलायचं तेही याच्याच मोबाइलवरून, स्पीकर लावून, दोघं मिळून. काकू बायकांना सांगायच्या, "बघा, बायकोला कसं जपावं ते याच्याकडून शिकावं. आमच्याकडे बघा, मी घरात आहे की नाही हे जेवायच्या वेळी कळतं."

एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं आणि बाई त्याचं कौतुक करत फिरत होती.

दिवाळीच्या आधी श्रुती भाजणी करायला काकूंकडे आली. वरद तासाभरासाठी सोडून गेला होता. डाळी भाजता भाजता ती अचानक म्हणाली, "काकू, मी गुरुवारच्या गाडीने आईकडे जातेय. वरदला सांगितलेलं नाही. तुम्हीही कुणाला सांगू नका."

काकूंचा हात थांबला. "भांडण झालं का गं?"

"भांडण नाही हो. मी तर बोलतच नाही." तिने बाही वर केली. दंडावर चार बोटं उमटली होती, पिवळी पडलेली, आणि त्यांच्यावर नवी, निळी. "जाताना बाहेरून कुलूप घालून जातो. तीन महिने झाले. माझा फोनही त्याच्या कपाटात असतो. मंडळात यायचं असलं की हातात देतो, घरी गेलं की परत घेतो. तिकीट समोरच्या भाभींनी काढून दिलंय, त्या दिवशी कुलूपही त्याच उघडवणार आहेत. तुम्हाला सांगितलं, कारण कुणाला तरी माहीत असावं. वाटेत काही झालं तर."

त्यांनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि देवाची शपथ घेऊन सांगितलं की कुणाला म्हणून सांगणार नाही. मनात मात्र त्यांनी आपला एक हिशेब बांधला होता. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय. माहेरी जाईल, आईच्या हातचं खाईल, महिन्याभरात दोघांची डोकी थंड होतील. तेव्हा त्यांना एवढंच समजलं होतं.

आणि शपथ त्यांनी मोडली नाही, बरं का. निदान त्यांच्या मते नाही. रात्रभर एकच किडा डोक्यात वळवळत होता: पोर एकटी, एवढा लांबचा प्रवास, हात दुखावलेला, बॅग कोण उचलणार? सकाळी यादी उघडली, तर गुरुवारच्याच गाडीला धनंजय! विमा कंपनीतले, शेजारच्या गल्लीतले, पुतणीच्या साखरपुड्याला पुण्याला निघालेले, अगदी भला माणूस. काकूंनी फोन केला. "आपली श्रुती आहे तुमच्याच गाडीला. जरा लक्ष ठेवा. बॅग चढवून द्या." कारण सांगितलं नाही. दंड सांगितला नाही. फक्त गाडी सांगितली. तीस वर्षं सांगत आल्या होत्या तशी.

धनंजय भला माणूस, म्हणून त्यांनी भल्या माणसाने करायचं तेच केलं. गुरुवारी दुपारी वरदला फोन लावला. "साहेब, वहिनींची काही काळजी करू नका, मी आहे गाडीला. जेवणाचंही बघतो."

"अरे वा," वरद म्हणाला म्हणे. "बरं झालं सांगितलंत."

संध्याकाळी काकू पोळी-भाजीचा डबा घेऊन चारबागला पोचल्या. श्रुती फलाटावर खांबाला टेकून उभी होती. एक छोटी बॅग, ओढणी डोक्यावरून घेतलेली. काकूंना बघून ती हसली, आणि ते हसू तिच्या पहिल्या वर्षातलं होतं. तेवढ्यात धनंजय आले, आणि त्यांच्या मागून वरद. घाई नाही, राग नाही. त्याने वाकून काकूंना नमस्कार केला. "आईंची तब्येत एकदम बरी आहे, आत्ताच बोललो. हिला उगाच काळजी. चल गं." त्याने बॅग उचलली. दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गर्दीत बायको चुकू नये म्हणून धरलंय.

श्रुतीने वरदकडे पाहिलं नाही. ती काकूंकडे बघत होती. जिना चढेपर्यंत मान वळवून बघत राहिली. काकूंच्या हातातला डबा अजून गरम होता.

दिवाळीच्या फराळाला दोघं मंडळात आली. श्रुतीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. "बाथरूममध्ये घसरली," वरदनेच सगळ्यांना सांगितलं, "मी म्हणतो, चप्पल नीट घाल, ऐकतच नाही." आणि तो तिच्याजवळ बसून तिला चमच्याने चिवडा भरवू लागला. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "बाई बाई, काय प्रेम!" एकजण म्हणाली. श्रुती तोंड उघडत होती, चावत होती, पुन्हा तोंड उघडत होती. दाणा सांडला की तो रुमालाने हनुवटी पुसत होता.

त्या क्षणी काकूंना कळलं. दंडावरची बोटं बघून कळलं नव्हतं, ते तो चमचा बघून कळलं. नवरा-बायकोचं बिनसलं वगैरे काही नव्हतंच. ही पोर कोंडलेली होती, आणि ती सुटत होती तेव्हा तिला आपण पुन्हा त्याच दारात नेऊन उभं केलं. तो हात आपण मोडला. काकू मोरीत गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

पुढचे दोन महिने काकूंनी यादीत एक नाव लिहिलं नाही. भास्कररावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वरदला बोलावून समजावू?" काकूंनाही आधी तसंच वाटलं होतं. पण आता स्वतःच्या वाटण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

डिसेंबरात डोळे तपासायला त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, एक कागद चिकटवलेला होता. "घर में डर लगता है? बात कीजिए। आपकी बात किसी को नहीं बताएँगे।" खाली नंबर. काकूंनी तो पाठ केला. पुरुषांच्या नजरेला पडणार नाही अशीच जागा बघून कुणीतरी तो कागद तिथे लावला होता, हे त्यांना बाहेर आल्यावर उमगलं.

त्या नंबरवर पत्ता मिळाला. आलमबागेतल्या एका शिंप्याच्या दुकानावर, छळ सोसणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेची खोली होती. पाटी नाही. आत हीटरजवळ रिझवाना बाजी, म्हणजे रिझवानाताई, बसल्या होत्या, पन्नाशीच्या, स्वेटरवर शाल घेतलेल्या. काकूंनी चारबागपासून चमच्यापर्यंत सगळं सांगितलं. बाजी मधूनमधून विचारत होत्या, "अकेली बाज़ार जाती है? फ़ोन किसके पास रहता है? मायके से बात कैसे होती है?" प्रत्येक प्रश्नाचं उत्तर काकूंना येत होतं. हीच उत्तरं त्यांनी दोन वर्षं वरदचं कौतुक म्हणून गावभर सांगितली होती.

"आपने बुरा नहीं चाहा था," बाजी म्हणाल्या. "मगर ज़्यादातर बात भला चाहने वालों से ही निकलती है।" आणि मग त्यांनी सावकाश समजावलं. नवऱ्याशी एक शब्द बोलायचा नाही, त्याला नुसता संशय आला तरी भोगायचं तिला. तिच्या वतीने काही ठरवायचं नाही. नंबर कागदावर लिहून द्यायचा नाही. जमलं तर तिला एक फोन आणि अर्धा तास एकांत द्यायचा. ती काय बोलली ते विचारायचं नाही. कुठे जाणार ते तर मुळीच नाही. "आप कर पाएँगी?"

"मला सवय नाही हो," काकू मराठीतच बोलून गेल्या. बाजींना ते कळलं असावं.

एकांत द्यायचा म्हणजे काय चेष्टा आहे? वरद तिला सोडतो कुठे? काकूंनी आठ दिवस डोकं खाजवलं आणि मग त्यांना संक्रांत आठवली. हळदीकुंकू! जिथे पुरुषाला उंबऱ्याच्या आत यायची मुभा नाही, अशी एकच जागा होती. काकूंनी मंडळातल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं, म्हणजे एकीलाच बोलावलं असं दिसायला नको.

त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत उतरलं नव्हतं. वरद खाली गाडीत बसून राहिला. प्लास्टर निघालं होतं, पण श्रुती हात पोटाशी धरून चालत होती. हळदीकुंकू लावताना काकू हळूच म्हणाल्या, "आत ये जरा, तिळगूळ भरून दे वाट्यांत."

स्वयंपाकघराचं दार लोटून काकू म्हणाल्या, "माझं चुकलं."

श्रुती वाट्या मांडायला लागली.

"एक नंबर आहे. तिथल्या बाई कुणाला सांगत नाहीत. माझा फोन इथे ठेवते. बोलायचं असलं तर बोल, नसलं तर नको. मी बाहेर आहे."

"तुम्ही कुणाला सांगितलंय, मी येणार म्हणून?"

"नाही गं."

"मागच्या वेळीही नाहीच म्हणाला होतात, काकू."

शपथ घ्यायलाही तोंड नव्हतं. त्यांनी नंबर दोनदा सांगितला, फोन तांदळाच्या डब्याजवळ ठेवला आणि दार ओढून घेतलं. ती फोन उचलेल की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी उखाण्यांची टूम काढली. एकेकीला उभं केलं. दोन-दोन नावं घ्यायला लावली, नाही म्हणणारीला ढकललं, स्वतः भास्कररावांचं नाव तीनदा घेतलं, तेही एवढ्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरच्या पांडेजींनी वर डोकावलं असेल. आत कुणी बोलत असलं तरी बाहेर ऐकू जायला नको. विसाव्या मिनिटाला कोचावरच्या श्रुतीच्या पर्समधला फोन वाजायला लागला. वरद. एकदा, दोनदा, तीनदा. काकूंनी उचलला.

"झालं का हो, काकू?"

"ओटी भरतेय तिची. सवाष्णीची ओटी भरताना पुरुषाने घाई करू नये, वरद. आईने शिकवलं नाही वाटतं?"

तो हसला. "बरं बरं."

आवाज सरळ निघाला. आयुष्यभर फोनवरून खऱ्या गोष्टी सांगत आलेल्या काकूंनी पहिल्यांदा धडधडीत खोटं सांगितलं होतं.

श्रुती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. काकूंनी मग खरोखरच तिची ओटी भरली. तांदूळ घालताना ती कानाशी म्हणाली, "नंबर पुसून टाकलाय. तुम्हाला काही सांगणार नाही मी."

"सांगू नकोस," काकू म्हणाल्या. वाणाची गाळणी हातात घेऊन ती जिना उतरून गेली. काकूंनी तिला पाहिलं ते तेवढंच.

फेब्रुवारीत एका सकाळी दहा वाजता वरद दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. "काकू, श्रुती कुठे आहे?"

"म्हणजे?"

"काल मी बँकेत असताना गेली. समोरची भाभी म्हणते, मला ठाऊक नाही. पोलीस म्हणतात, सज्ञान आहे, स्वतःहून गेली, सुरक्षित असल्याचं कळवलंय. तुम्हाला नक्की ठाऊक असणार."

"मला माहीत नाही."

त्याने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. काकूंचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं. त्यावर काही सापडेना, तेव्हा त्याने कराडला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. "बोला, आई. सरोजकाकू आहेत."

पलीकडून श्रुतीची आई, प्रतिमाताई, रडत होती. "सरोजताई, माझी पोर जिवंत आहे का, एवढं तरी सांगा हो. नुसतं हो म्हणा."

वरद समोर बसून काकूंच्या ओठांकडे बघत होता. कुठे आहे ते काकूंना खरंच माहीत नव्हतं. पण एक गोष्ट माहीत होती. तांदळाच्या डब्याजवळचा फोन, आलमबागेतली बिनपाटीची खोली. एवढं बोललं असतं तर त्या माउलीचा जीव भांड्यात पडला असता. आणि तेवढ्यावरून हा माणूस माग काढत गेला असता.

"मला काहीच माहीत नाही हो, प्रतिमाताई."

"सगळ्या दुनियेची खबर ठेवता, आणि माझ्या पोरीची तेवढी नाही? तुमच्या भरवशावर सोडली होती तिला मी तिकडे. तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं." आणखीही बरंच बोलली ती. काकूंना मूलबाळ नव्हतं. टेबलाची कड धरून त्या सगळं ऐकत राहिल्या. शेजारच्या खोलीत भास्करराव वर्तमानपत्र धरून उभे होते, त्यांनीही ऐकलं.

वरदने काकूंचा मोबाइल मागितला. काकूंनी दिला. त्यात त्याला काही सापडलं नाही. जाताना तो पाया पडला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत गेल्या. हातात तिळाच्या लाडवांचा डबा होता. "उसकी माँ बहुत रो रही है. फोन पति के सामने था, इसलिए..."

"हम न हाँ कह सकते हैं, न ना," बाजी म्हणाल्या, "न ये कि वो हमारे पास आई थी, न ये कि नहीं आई।" त्यांनी डबाही ठेवून घेतला नाही. पण जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "आपकी बात मैंने सुन ली है।" काकू ई-रिक्षात बसून डबा मांडीवर घेऊन घरी परतल्या. राग आला नाही असं नाही. आपल्याला एवढंही सांगू नये? मग त्यांना चारबागचा जिना आठवला.

वरदने मार्चमध्ये बदली करून घेतली. धनंजयांना कुणीतरी काय ते सांगितलं, तेव्हापासून ते काकूंसमोर आले की खाली बघतात.

होळीच्या दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी प्रतिमा. शेजारच्यांच्या फोनवरून बोलतेय," पलीकडून आवाज आला. "त्या दिवशी मी तुम्हाला नको नको ते बोलले. मनात ठेवू नका."

"छे हो."

मग प्रतिमाताई म्हणाली, "आता झोप लागते मला."

काकूंच्या जिभेवर सगळं येऊन उभं राहिलं. कुठे आहे? एकटीच आहे की कुणी आहे बरोबर? काही कामधंदा? आणि हात? तो हात कसा आहे? "यंदा मिरच्या कशा आहेत हो कराडला?" त्यांनी विचारलं.

"चांगल्या आहेत. लाल भडक आहेत," प्रतिमाताई म्हणाली, आणि तिला रडू आलं. इकडे काकूंनाही आलं. पाच मिनिटं दोघी मिरच्यांवर बोलत होत्या. बेडगी किती, लवंगी किती, कांडपाला कुठे देता.

फोन ठेवल्यावर भास्कररावांनी विचारलं, "कुणाचा होता?"

चाळीस वर्षांत काकूंनी त्यांच्यापासून एक फोन लपवला नव्हता. "राँग नंबर," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून तांदूळ निवडायला बसल्या.

तो हात नीट जुळून आला की नाही, हे काकूंना अजून माहीत नाही.